अकरा टक्के

डोक्याला बांधायची बत्ती भावाची.
रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला जाताना
पायाखालचं इच्चूकाटं दिसावं म्हणून घेतलेली.
दिवसा ती माझी.

पट्टीएवढा स्कॅनर पुतण्यानं कोइमतूरहून पाठवला.
कागदावरून एका चालीनं ओढायचा, हात हलू द्यायचा नाही.
पहिल्या दिवशी माझे तीन खापरपणजे
च्युइंगमसारखे ताणून आले.

भिंग मात्र घरचं.
आजोबा गलाईला त्रिचूरला निघाले तेव्हा
मूस, चिमटा, कसोटी आणि हे भिंग
पंच्यात बांधून विट्याच्या मोटारीत बसले होते.
त्यातलं सोनं कधीच आटलं.
भिंग राहिलं, कडेला एक टवका उडालेलं.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये पेनाला बंदी.
कारकून म्हणाला, शिसपेन्सिल चालंल, मॅडम,
आन् थुकी लावून पान उलटायचं न्हाई.
दप्तराच्या फडक्यावर जिल्हा सातारा.
आमच्या गावाला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं
की पुढं आपण सांगलीचे होणार आहोत.

कोतवाल बुक, सन एकोणीसशे नऊ.
मोडी मी सांगलीत पंधरा दिवसांच्या वर्गात शिकले,
म्हणजे काही अक्षरं ओळखीची,
बाकीच्यांशी नुसतं नमस्कार-चमत्कार.
बत्ती समोरून धरली तर पान पांढरंफटक.
तिरकी धरली, आणि शाई वर आली,
नांगरटीत सऱ्या दिसाव्यात तशी:

रावजी बिन बाबाजी यासि मुलगी जाहाली.

नावाच्या रकान्यात आडवी रेघ.
वर भिंग ठेवलं.
रेघ मोठी झाली.

आजोबा तिला थोरली म्हणायचे.
थोरली पायऱ्या सोडून थेट थारोळ्यावरून विहिरीत उडी टाकायची.
थोरलीनं एकदा मास्तरची टोपी शेळीला घातली.
आणि नाव?
थोरल्या बहिणीला नावानं कोण हाक मारतं गं, म्हणून
ते अडकित्ता शोधायला लागायचे.

सुगी सरल्यावर हेळवी आला.
त्याचा आजा बैलावरून यायचा, हा मोटरसायकलवर,
टाकीवर मेणकापडात बांधलेली वही.
चौदा पिढ्या त्यानं हेल काढून एका दमात वाचल्या.
मी रेकॉर्डर लावला होता.
रात्री ऐकलं तर सातव्या पिढीवर
आमची म्हैस आहे.

मुली? मी विचारलं.
लेकी ह्या वहीत न्हाईत, अक्का.
लेक गेली की सून हून तिकडच्या वहीत चढती.
तिकडची वही कुणाकडं?
चुलतभाऊ मल्लाप्पाकडं. फोन लावतो की.
फोन मेलेला.

पॉवर बँकेचे चार दिवे, त्यातला एकच जिवंत.
बाकीचं सगळं स्कॅनरनं पिऊन टाकलेलं.
वायर जोडली. चहा टाकला, पुन्हा एकदा टाकला.
अकरा टक्के झाल्यावर त्यानं नंबर लावला.

कानडीत बराच वेळ चाललं.
मला आमच्या गावाचं नाव तेवढं कळलं, दोनदा.
पलीकडं कुणीतरी पानं उलटत होतं,
थुकी लावून, आवाजावरनं कळत होतं.

मग त्यानं फोनवर हात ठेवला.
जत तालुका. सून हौसाक्का, म्हाएर लेंगरं.
पाच लेकरं. दोन ऱ्हायली.
लिव्हा.

घर माझं, ओटा माझा, पेनाला इथं बंदी नव्हती.
तरी मी शिसपेन्सिलच उचलली
आणि छापून आणलेल्या प्रतीवर, त्या रेघेच्या डोक्यावर,
हौ काढला. टोक मोडलं.
उरलेलं नाव दाताडीनं सोललेल्या शिसानं पुरं केलं.

हेळव्यानं ज्वारी नको म्हटलं.
दक्षिणेसाठी फोनवरचा चौकोन पुढं केला.
अकराचे नऊ झाले.

पावणेदहाला भाऊ दारात.
माझी बत्ती कुठाय? आज दहाची लाईट हाय.
पिशवीच्या तळातून काढून दिली.
तिच्या पट्ट्याला रेकॉर्ड रूमची धूळ तशीच होती,
त्यानं ती न बघता कपाळाला बांधली.

शाळवातून उजेड खाली उतरत गेला.
विहिरीच्या पायऱ्यांपाशी जरा घुटमळला.
मग मोटर लागल्याचा आवाज आला.